वाफ टरबाइन : वाफेचा खप व ऊर्जानिर्मिती

वाफ टरबाइनाच्या जनित्रापासून एक किलोवॉट-तास विद्युत् ऊर्जा मिळविण्यासाठी जेवढी वाफ लागते, तिला वाफेचा विशिष्ट खप म्हणतात. तो किग्रॅ. मध्ये सांगतात. बाष्पित्र केवढे हवे हे त्यावरून ठरते. मात्र टरबाइनाची निवड केवळ या आकड्यावरून करणे योग्य नसते.

गणनपद्धती : टरबाइनात शिरणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेच्या एंथॅल्पीतील (एकूण उष्णतेतील) फरक म्हणजे मिळणारे कार्य होय. एक किलोवॉट-तास म्हणजे 3,600 किलोजूल. म्हणून 3,600 ला प्रत्येक किग्रॅ. वाफेपासून प्रत्यक्ष मिळणाऱ्या कार्याने भागले असता विशिष्ट खप मिळतो.

उदा., 40 बार दाबाच्या व 400° से. तापमानाच्या वाफेची एंथॅल्पी सु. 3,214 किलोजूल/किग्रॅ. असते. संघनकात 0.1 बार दाबापर्यंत तिचे आदर्श प्रसरण झाल्यास 1,070 किलोजूल कार्य मिळेल. टरबाइनाची अंतर्गत कार्यक्षमता 80% व यांत्रिक आणि जनित्राची एकत्रित कार्यक्षमता 95% धरल्यास 813 किलोजूल उरतात आणि विशिष्ट खप सु. 4.4 किग्रॅ. येतो. म्हणजे 10 मेगॅवॉट (मेवॉ.) शक्तीसाठी ताशी 44 टन वाफ लागेल.

तीच वाफ 5 बार दाबाला बाहेर काढल्यास (पश्चदाब टरबाइन) आदर्श कार्य सु. 487 किलोजूल व विशिष्ट खप 9.7 किग्रॅ. होतो. खप दुपटीहून अधिक असल्याने हे यंत्र निकृष्ट वाटते. परंतु पहिल्या प्रकारात बाष्पित्रात वाफेला दिलेल्या उष्णतेपैकी केवळ सु. 27% उष्णतेची वीज होते व बहुतेक उरलेली उष्णता संघनकातील थंड पाण्याबरोबर वाया जाते. दुसऱ्या प्रकारात बाहेर पडणाऱ्या वाफेत प्रत्येक किग्रॅ. मागे 2,800 किलोजूलांहून अधिक एंथॅल्पी शिल्लक असते. साखर कारखान्यात उसाचा रस आटविण्यासाठी किंवा पनवेल तालुक्यातील तळोजा येथल्यासारख्या औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक प्रक्रियांसाठी ती वापरता येते. अशी वाफ लागणाऱ्या कारखान्यास पश्चदाब टरबाइनच किफायतशीर ठरते. जेथे केवळ वीज हवी तेथे संघनक टरबाइन योग्य होय.

उष्णतेच्या पुनर्वापराचे मोठे उदाहरण पनवेलजवळ उरण येथील विद्युत् केंद्रात आढळते. तेथे प्रत्येकी 108 मेवॉ. क्षमतेच्या चार गॅस टरबाइनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या उष्णतेवर वाफ तयार करून प्रत्येकी 120 मेवॉ. क्षमतेची दोन वाफ टरबाइने चालविण्याची योजना करण्यात आली. एकूण 672 मेवॉ. स्थापित क्षमतेपैकी 240 मेवॉ., म्हणजे सु. 36%, अशा प्रकारे जादा इंधन न जाळता मिळू शकते. येथे वाफेचा विशिष्ट खप किती, यापेक्षा जाळलेल्या एकूण इंधनापासून किती वीज मिळाली, हाच खरा निकष ठरतो.