मामा खोटं बोलत नाहीत

‘मामांनी दारू सोडली, पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. वर “कालच सोलापूरला जाऊन आलो” असं छातीठोकपणे सांगतात. एवढं खोटं कशासाठी?’ असा एका वाचकाचा प्रश्न आहे.

न तपासता निदान करता येत नाही. पण असं बोलणं नेहमीच खोटं नसतं. मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकॉव्ह यांनी १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात असे रुग्ण नोंदवले. आठवणींना पडलेली भोकं मेंदू स्वतःच बुजवतो आणि बोलणाऱ्याला ते सारं खरंच वाटतं.

त्याआधी, १८८१मध्ये, कार्ल वेर्निके यांनी याच आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या तीन रुग्णांचं वर्णन केलं होतं. डोळ्यांची हालचाल बिघडलेली, तोल गेलेला, मन भांबावलेलं. दोघं अट्टल पिणारे. तिसरी मात्र सल्फ्युरिक आम्ल प्यायलेली तरुणी. तिच्या पोटात अन्नच टिकत नव्हतं. खरी गोम या तिसरीपाशी आहे. हा घाव उपासमारीचा होता, ‘बी-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा.

मेंदूची चूल साखरेवर चालते, पण ती पेटवायला बी-१ची काडी लागते. शरीरात या काड्यांचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. रोज पिणारा जेवण टाळतो आणि जे खातो त्यातलं बी-१ही दारूमुळे आतड्यात नीट शोषलं जात नाही.

ही काडी सापडली कोंबड्यांमुळे! जावात क्रिस्तियान आइकमन यांच्या कोंबड्या लष्करी रुग्णालयातल्या कोंडा काढलेल्या पांढऱ्या भातावर लुळ्या पडल्या. नव्या आचाऱ्याने ‘लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना का?’ म्हणून तो बंद केला आणि त्या बऱ्या झाल्या. आइकमन यांना भातातच विष असल्याचा संशय होता. विष नाही, कोंड्याबरोबर काहीतरी निघून जातंय, हे १९०१मध्ये ओळखलं खेरीट ख्रेन्स यांनी. १९२९च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला आइकमन यांना. ख्रेन्स यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

‘बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की पिऊन चालतं’ हा निव्वळ भ्रम. अशा आजारात गोळी पुरत नाही, बी-१ शिरेतून द्यावं लागतं आणि तेही वेळेत. उशीर झाला तर गेलेली स्मृती बहुधा पूर्ण परतत नाही.

म्हणून रोज पिणारा माणूस भांबावला, डोळे विचित्र फिरू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर ‘अजून उतरली नाही’ म्हणत त्याला झोपवू नका. रुग्णालयात न्या आणि तो पितो हे डॉक्टरांपासून लपवू नका.