कापसाचा व्यापार आणि मोबाइलवरील नोंद

विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे दारव्ह्यावरून गेली व येथील कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. परंतु मुंबईचा भाव तारेने प्रथम व्यापाऱ्यास कळे; शेतकऱ्यास तो बाजारात गाडी उभी केल्यावरच समजे.

व्यापारात संगणक आला तो प्रथम हिशेबापुरता; पुढे त्यावर व्यवहारच होऊ लागले. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय कृषि बाजार सुरू झाला. २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकरी ई-पीक पाहणीद्वारे मोबाइलवर स्वतः पिकाची नोंद करू लागला. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या विक्रीसाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी आवश्यक केली. जी सोय होती, ती आता अट झाली आहे. नोंद राहिली, तर घरात उत्तम कापूस असूनही हमीभाव हुकतो.

यास्तव शेतकरी बंधूंनी पीक उभे असतानाच नोंद करावी. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, त्यांची यादी करून ग्रामकार्यकर्त्यांनी त्यांस साहाय्य करावे. कापूस वाळवूनच केंद्रावर न्यावा. ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असल्यास दर कमी मिळतो व १२ टक्क्यांपुढे माल स्वीकारला जात नाही.