कॅलिपरला रंग देण्याआधी

अलॉय व्हीलच्या फटींतून गंजलेला कॅलिपर दिसला की तो लाल किंवा पिवळा रंगवावा असं अनेकांना वाटतं. हे काम घरी करता येतं. मात्र माझ्या मते त्यातला खरा फायदा रंगाचा नाही, रंगासाठी कॅलिपर उतरवल्यावर जी साफसफाई होते तिचा आहे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, म्हणजे काम दोनच कॅलिपरचं. त्यांत सहसा एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला पुढे ढकलतो आणि आतला पॅड डिस्कला टेकतो. तो आणखी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून सगळा कॅलिपरच आत सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने डिस्कवर ओढतो. हे सरकणं दोन स्लाइड पिनांवर होतं. पेडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे घेते ती त्याच्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग. दाबाखाली पिळली गेलेली ती रिंग सरळ होताना पिस्टनला सोबत ओढते. पावसाळ्यात पिनांच्या रबरी बुटात पाणी शिरलं की ग्रीस संपतं, पिन जाम होतात आणि बहुधा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो. रंगवलेला पण जाम कॅलिपर काय कामाचा?

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. नुसत्या गियरवर विसंबू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललं की गियरची पकड जवळपास उरत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. उचलल्यावर वजन जॅक स्टँडवर द्या. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे जोडणीचा नमुना दुसऱ्या बाजूला शाबूत राहतो. मागचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर पॅडवरून सुटतो. बोल्टबरोबर पिनही फिरू लागली तर ती पातळ पान्ह्याने धरून ठेवा. सुटलेला कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. पाइप मुळीच उघडू नका. तो उघडला की लाइनमध्ये हवा शिरते, मग ती बाहेर काढण्याचं काम, म्हणजे ब्लीडिंग, आलंच, आणि नवख्याने ते घरी करू नये. कॅलिपर बाहेर असताना पेडलही कुणी दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. घरात मुलं असतील तर गाडीचं दार बंदच ठेवा.

काळी धूळ फुंकून उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, धूळ ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा, मग गंज तारेच्या ब्रशने घासा. पेट्रोल, रॉकेल किंवा साधं ग्रीस इथे नको, कारण त्यांनी रबर फुगतं. पिना बाहेर काढून पुसा, त्यांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा आणि बोटांनी सरकतात का ते पाहा. एक जरी अडली तरी रंगाचा डबा बाजूला ठेवा.

रंग उष्णता सोसणारा, कॅलिपरसाठीचाच घ्या. साधा ऑइलपेंट तापून सोलतो. पिस्टनचं रबर, ब्लीडर निपल, पाइप, पिना आणि पॅड बसण्याच्या जागा मास्किंग टेपने झाका. दोन-तीन पातळ हात पुरतात. कोरडा दिवस निवडा. दमट हवेत रंग लवकर धरत नाही. ब्रेक ऑइलचा थेंबही रंग खातो, तेव्हा सांडलं तर लगेच धुवा.

जोडताना पिस्टन सी-क्लँपने हळूहळू आत दाबा आणि बॉनेटखालच्या टाकीकडे लक्ष ठेवा, ऑइल वर चढतं. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्ह्याने आवळा. मागे डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर ते पिस्टन क्लँपने ढकलू नका; त्यांना सर्व्हिस मोड लागतो.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब पोकळ जातील, कारण पिस्टन अजून मागे असतो. मग मोकळ्या रस्त्यावर चालण्याच्या वेगात ब्रेक तपासा. पेडल मऊच राहिलं तर गाडी जागीच ठेवून मेकॅनिकला बोलवा.