उसाच्या फडातली वाघाटी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतली कितीतरी गावे सुनी पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांत आपल्या समाजातलीही घरे आहेत. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, काही अम्मी-अब्बांबरोबर फडावर जातात. जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षक पाढे आणि वाचनाबरोबर आणखी एक धडा देतो. उसात मांजरासारखी पिल्ले दिसली तर काय करायचे, हा तो धडा.

वाचकांना हा विषय लहान वाटेल. पण या पिल्लांमध्ये एक पिल्लू असे असू शकते, ज्याची जात जगात फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांत आढळते. तिचे नाव वाघाटी. वाघ, सिंह, बिबट्या ज्या मार्जार कुळातले, त्याच कुळातली ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी साधारण एक ते दीड किलोची, म्हणजे आपल्या घरातल्या मांजरीपेक्षाही लहान. अंग राखाडी-तपकिरी, त्यावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढऱ्या रेघा, कान छोटे व गोल आणि शेपटीवर ठळक ठिपके जवळपास नाहीत. 1831 साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रॉय सेंट-हिलेर यांनी तिची शास्त्रीय नोंद केली. तिच्या शास्त्रीय नावातही तो तांबूस, गंजासारखा रंगच आहे.

वाघाटी रात्री हिंडते. उंदीर, छोटे पक्षी, सरडे, बेडूक, किडे हे तिचे खाणे. शेतकऱ्याच्या धान्यावर ती तोंड टाकत नाही, उलट धान्य खाणारे उंदीर मारते. दिवसा ती झाडाच्या ढोलीत, दाट झुडपात, खडकांच्या कपारीत पडून राहते. मादी सुमारे 65 ते 70 दिवस गाभण असते आणि एका वेळी एक ते तीन पिल्ले देते. इतकी थोडी पिल्ले असल्यामुळे त्यांतले एक गेले तरी नुकसान मोठे.

मग ही रानातली मांजर उसात कशी? माळरान आणि झुडपी जंगल तुटत गेले, त्या जागी पाण्याचे बारमाही पीक आले. उंच, दाट ऊस म्हणजे सावली, आडोसा आणि उंदरांची रेलचेल. माद्या तिथेच पिल्ले घालतात. रानमांजर आणि बिबट्याही हेच करतो. मात्र कारखाना सुरू झाला की फड तोडला जातो. पाचटात डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात आणि त्यांची आई आवाजाला घाबरून शेजारच्या उसात दबून बसलेली असते.

पुढची गडबड इथूनच सुरू होते. ठिपके दिसले की कुणीतरी ‘बिबट्या’ म्हणून ओरडतो. ही भीती खोटी नाही. 2020 च्या नोव्हेंबरात आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले होते. डिसेंबरात करमाळा तालुक्यात तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. ती धास्ती ज्या घरांनी अनुभवली, त्यांना आम्ही ‘घाबरू नका’ असे सांगणार नाही. पण घाबरून पिल्लाला काठी मारणे किंवा गोड दिसते म्हणून पिशवीत घालून कोपीवर आणणे, दोन्ही चुकीचे. पिल्लू खरेच बिबट्याचे असेल, तर त्याला शोधत आई कोपीपर्यंत येऊ शकते. वाघाटीचे असेल, तर गाई-म्हशीच्या दुधावर ते बहुधा जगत नाही.

पुणे जिल्ह्यात जुन्नर परिसरात वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्यक अशी पिल्ले आईला परत मिळवून देतात. रीत साधी आहे. पिल्लाची तपासणी करतात, गोचीड काढतात आणि जिथे सापडले तिथेच संध्याकाळी उघड्या खोक्यात ठेवतात. जवळ आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावून माणसे दूर जातात. अंधार पडला की आई येते आणि मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज अशा अनेक भेटींनी खोटा ठरवला आहे.

हे वाचताना अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातला एक प्रसंग आठवतो. प्रवासात काही साथीदारांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली आणि ती कासावीस होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला कुणी दुखावले म्हणून विचारले आणि पिल्ले तिला परत करायला लावली. फडावर नेमके हेच करायचे आहे.

कायदाही तेच सांगतो. वाघाटी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे किंवा पकडणे या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षे कैद आणि दंड आहे. जगात पूर्ण वाढलेल्या वाघाटी 10,000 पेक्षा कमी असाव्यात असा अंदाज आहे. अधिवास घटणे, भटकी कुत्री, रस्त्यावरची वाहने आणि घरमांजरांशी होणारा संकर, अशी तिच्यापुढची संकटे आहेत.

मुलांना आम्ही एवढेच पाठ करायला लावतो: पिल्लू दिसले की तोड थांबवा. हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. पिल्लू कोणाचे हे ओळखत बसू नका, सगळे मिळून मागे सरा. मुकादमाला किंवा कारखान्याच्या चिटबॉयला सांगा आणि वन विभागाच्या 1926 या मोफत क्रमांकावर फोन करा.

तोड थांबली की मजुराचा रोज बुडतो, हे आम्ही जाणतो. म्हणून ही जबाबदारी एकट्या मजुरावर टाकू नये. शेतमालकाने तेवढा पट्टा एक रात्र उभा ठेवावा आणि मुकादमाने टोळीला दुसरा फड द्यावा. तुमच्या गल्लीतून, नात्यातून कुणी या हंगामात ऊसतोडीला निघत असेल, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा आणि 1926 हा आकडा त्यांच्या मोबाईलमध्ये आजच भरून द्या.