गावच्या जीवसृष्टीची नोंदवही

गावाच्या दप्तरात जमिनीची नोंद असते. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र, आकार व पीक पाहावयास मिळते. परंतु त्याच शिवारात कोणते पक्षी घरटी करतात, ओढ्यात कोणते मासे आढळतात, बांधावर कोणत्या रानभाज्या उगवतात, ही माहिती बहुधा वृद्ध माणसांच्या स्मरणातच राहते व त्यांच्याबरोबर नाहीशी होते. ही हानी टाळण्याचा सुलभ उपाय म्हणजे नियमित नोंद होय.

नोंदीचे महत्त्व

गिधाडांच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० नंतरच्या दशकात गिधाडांच्या घरट्यांची मोजदाद झाली होती. १९९० नंतरच्या दशकात तेथे पुन्हा मोजणी झाली, तेव्हा संख्या झपाट्याने घटत असल्याचे दिसून आले. पूर्वीचा आकडा हाती नसता, तर ‘हल्ली गिधाडे कमी दिसतात’ यापलीकडे कोणास काही सांगता आले नसते. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. याचे कारण २००४ साली प्रसिद्ध झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ साली बंदी आली.

कायद्यातील तरतूद

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे समितीचे प्रमुख काम होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती. तथापि, मुदत पाळण्यासाठी शेजारच्या गावची यादी उतरवून घेतली, तर कागद भरतो, परंतु गावास काहीच उपयोग होत नाही. नोंदवही खरी होण्यास गावातील स्वयंसेवकच हवेत.

नोंद कोणी व कशी करावी

गुराखी, मासे धरणारे, रानभाज्या वेचणाऱ्या स्त्रिया व शाळेतील मुले हे उत्तम निरीक्षक असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्यांच्यात काम वाटून द्यावे. पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे.

१. प्रत्येक नोंदीत दिनांक, वेळ, ठिकाण, संख्या व पाहणाऱ्याचे नाव लिहावे.

२. ठराविक वाटेने, ठराविक वेळी, दर पंधरवड्यास फेरी करावी. त्यामुळेच दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येते.

३. काही न दिसल्यास तेही लिहावे. कोरे पान व ‘आढळले नाही’ ही नोंद यांत मोठा फरक आहे.

४. स्थानिक नाव अवश्य लिहावे. पण ते पुरेसे मानू नये. ‘बगळा’ या एकाच नावाने गायबगळा, लहान बगळा व मोठा बगळा ओळखले जातात. शक्य तेथे छायाचित्र घ्यावे व जाणकाराकडून शास्त्रीय नाव निश्चित करावे. ओळख पटली नसेल, तर ‘अनिश्चित’ असे लिहावे.

५. पाहिलेले व ऐकलेले वेगळ्या रकान्यात ठेवावे.

छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये. साप हाताळू नयेत.

नोंदींची जपणूक

वही बांधीव असावी व पानांना क्रमांक द्यावेत. चूक झाल्यास खोडरबर न वापरता एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी. दर महिन्यास नोंदी संगणकावरील तक्त्यात उतरवून दुसऱ्या व्यक्तीकडून ताडून घ्याव्यात व एक प्रत अन्यत्र ठेवावी. दुर्मीळ प्राण्यांच्या घरट्यांची व औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणे सर्वांस खुली करू नयेत. वैदूंचे ज्ञान त्यांच्या संमतीवाचून लिहू नये.

वर्षअखेर ग्रामसभेपुढे नोंदींचे वाचन करावे. ओढ्यातील एखादा मासा दिसेनासा झाला अथवा बांधावरील कर्टुली कमी झाली, तर ते सर्वांस कळेल व कारणाचा शोध वेळीच घेता येईल. पहिल्या वर्षी वहीत थोडीच पाने भरली, तरी हरकत नाही. पुढील दहा वर्षांची तुलना त्याच पानांशी व्हावयाची असल्याने ती मात्र बिनचूक असावीत.