वजन तेच, नजर नवी

फिजीतल्या विती लेवू बेटावर नांद्रोंगा नावाचा भाग आहे. तिथे कुणी बारीक होऊ लागलं की घरच्यांना घोर लागायचा. भूक मंदावली तर तो आजार समजून झाडपाल्याचं औषध दिलं जायचं. अंगाने भरलेली मुलगी म्हणजे कामाला खंबीर आणि आपल्या माणसांनी नीट जपलेली मुलगी. आपल्याकडची आजी ज्या काळजीने ‘किती वाळलीस गं’ म्हणते, तीच काळजी तिथे साऱ्या गावाची असे.

१९९५ मध्ये या भागात टीव्ही आला. त्यानंतर काही आठवड्यांतच हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या ६३ शाळकरी मुलींची पाहणी केली. मुलींचं सरासरी वय होतं १७ च्या आसपास. १९९८ मध्ये त्यांनी त्याच वयाच्या ६५ मुलींना तेच प्रश्न विचारले. खाण्याबद्दलची धास्ती मोजणाऱ्या २६ प्रश्नांच्या चाचणीत धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर पोहोचल्या होत्या. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या. ७४ टक्के मुलींना निदान अधूनमधून तरी आपण जाड आहोत असं वाटत होतं. दोन्ही गटांच्या उंची-वजनाच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि त्या तीन वर्षांत तिथे इतरही बरंच बदलत होतं. त्यामुळे सगळा दोष टीव्हीच्या माथी मारता येत नाही. पण मुलींचं बोलणं पुरेसं बोलकं होतं. मालिकांतल्या नायिकांसारखं दिसलं तर नोकरी मिळेल, आयुष्यात पुढे जाता येईल, असं त्यांना वाटत होतं. बारीक शरीर हे त्यांना नव्या जगात शिरण्याचं साधन वाटू लागलं होतं. बेकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फिजीतल्याच ५२३ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मैत्रिणींच्या घरी असलेल्या टीव्ही-व्हिडिओचाही खाण्याच्या तक्रारींशी संबंध दिसला. म्हणजे पडदा स्वतःच्या घरात असायलाच हवा असं नाही, मैत्रिणींच्या गप्पांतूनही तो पोहोचतो.

हे सगळं नेमकं वयात येताना का बोचतं? या काळात मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं. ती वाढ निसर्गाने ठरवलेली आणि आवश्यक असते. मुलग्यांची उंची साधारण दोन वर्षं उशिरा झपाट्याने वाढते, त्यामुळे अनेकांना आपण किरकोळ आहोत असं वाटतं आणि पिळदार स्नायूंची ओढ लागते. शरीर रोज बदलत असताना मोजायला स्वतःची पट्टी नसते. मग मुलं दुसऱ्याची पट्टी उसनी घेतात.

ती पट्टी अनेकदा घरातलेच लोक हातात देतात. अमेरिकेत मिनेसोटामधल्या ४,७४६ किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनावरून चिडवलं गेलेल्यांमध्ये शरीराबद्दलची नाराजी आणि नैराश्याची लक्षणं अधिक आढळली, मग प्रत्यक्ष वजन काहीही असो. अशा चिडवणाऱ्यांत वर्गमित्र होते, तसे घरचेही होते. ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत तर पालकांनी लहानपणीच ‘जाड’ मानलेल्या मुलांचं वजन पुढे इतरांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. टोमण्याने वजन उतरत नाही, मूल मात्र आतून खचतं.

म्हणून काळजी वाटली तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं. वाढत्या मुलांचं वजन मोठ्यांच्या निकषांवर पाहायचं नसतं, त्यासाठी वयानुसार वाढीचे तक्ते असतात. खाण्यात बदल करायचाच असेल तर तो साऱ्या घराने करावा, एकाच मुलाचं ताट वेगळं काढू नये. लग्नकार्यात कुणी ‘सुटलीस हं’ म्हणालं, तर तिथल्या तिथे आईबापांनी मुलीची बाजू घ्यावी. फिजीतल्या मुलींची नजर तीन वर्षांत इतकी बदलू शकली, कारण ती आजूबाजूच्या जगाकडून शिकलेली असते. घरही त्या जगाचाच भाग आहे, आणि तिथे काय शिकवायचं हे आपल्या हातात आहे.