आरएक्स १०० कच्च्या वाटेवर न्यायचीय? मग सायलेन्सर बदलण्याआधी हे वाचा

तुमच्या फीडवर आरएक्स १०० चं एखादं तरी रील येतच असणार. सायलेन्सर बदललेला, मागे निळसर धूर, चिखलातून उडणारी गाडी आणि खाली कमेंट, "भावा, काय काय केलंय गाडीला?"

या प्रश्नाचं नीट उत्तर फार कमी जण देतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, "सायलेन्सर टाक, मोठा कार्बोरेटर बसव, विषय संपला." असं करून विषय खरंच संपतो, पण तो इंजिनाचा.

आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, ४ गिअर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवीन आरएक्स १०० सुद्धा पंचवीस वर्षांच्या पुढची आहे. ओरिजिनल ब्लॉक आणि क्रँक मिळवायला आता वणवण करावी लागते. त्यामुळे चुकीचा प्रयोग महागात पडतो. टू-स्ट्रोकचं इंजिन चालत्या गाडीत जाम झालं तर मागचं चाकही अडकतं. घाटात असं झालं तर प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही.

तर टू-स्ट्रोक गाडी कच्च्या वाटेसाठी तयार करताना काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि का, ते बघूया.

ट्रेलवर कोणती ताकद लागते?

आरएक्स ही मूळची ट्रेल बाइक नाही, ती रस्त्यावरची गाडी आहे. ट्रेल बाइक म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर यामाहाचीच दुसरी गाडी बघावी लागेल, डीटी-१. ही २४६ सीसीची टू-स्ट्रोक गाडी १९६८ साली अमेरिकेच्या बाजारात आली. रस्त्यावर चालवा, वाटलं तर थेट रानात घाला, अशी ती गाडी होती आणि तिथे ती तुफान चालली.

अशा गाडीला टॉप स्पीडपेक्षा कमी आरपीएमला मिळणारी ओढ जास्त महत्त्वाची असते. दगडगोट्यांच्या चढावर तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असता. तिथे एक्सलरेटर थोडा दिला की गाडीने लगेच उचललं पाहिजे. फक्त वरच्या आरपीएमला जोर देणारं इंजिन चिखलात चाक गरागरा फिरवतं आणि गाडी तिथेच राहते.

डीटी-१ ज्यांना रेसमध्ये उतरवायची होती त्यांच्यासाठी यामाहाने एक किटही काढलं होतं. त्यात सिलिंडर, पिस्टन, हेड, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट असे एकमेकांना जुळणारे भाग एकत्र यायचे. कंपनीने हे सुटं सुटं न विकता किट म्हणून का विकलं, ते पुढे कळेलच.

पहिली पायरी: गेलेली ताकद परत आणा

जुन्या आरएक्समध्ये ११ अश्वशक्ती उरलेलीच नसते. त्यामुळे पहिलं अपग्रेड म्हणजे दुरुस्ती, आणि सगळ्यात जास्त फरक इथेच जाणवतो.

- एअर फिल्टर: फोमचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, हलकं तेल लावून बसवा. फाटला असेल तर बदला. ट्रेलवरची धूळ आत गेली की पिस्टन आणि रिंग घासून निघतात.
- सायलेन्सर: टू-टी ऑइल जळून आतल्या बॅफलला कार्बन बसतो. तो काढला की गाडी मोकळी होते.
- क्रँकचे ऑइल सील: टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. त्यामुळे तो भाग हवाबंद असावाच लागतो. सील कडक होऊन फाटले की तिथून बाहेरची हवा आत शिरते.
- पिस्टन, रिंग, बोअर: फिटरकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. इथेच गळती असेल तर बाकी खर्च वाया जातो.

दुसरी पायरी: चेन स्प्रॉकेट

हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. इंजिन उघडावं लागत नाही आणि नाही आवडलं तर परत पहिल्यासारखं करता येतं.

समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात आहेत आणि तुम्ही १३ चा बसवला. तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ साधारण ७.७ टक्क्यांनी वाढते आणि त्याच आरपीएमला वेग साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो. हायवेवर हा तोटा आहे, पण चढावर हाच फायदा. एका दाताच्या फरकाने सुरुवात करा.

याच खर्चात टायरही धरा. गुळगुळीत टायरवर वाढवलेली ओढ चिखलात उपयोगाची नाही. ठोकळ्यांची नक्षी असलेले टायर पकड देतात.

तिसरी पायरी: रीड व्हॉल्व्ह

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये पातळ पात्यांची एक झडप असते. इंजिनाने मिश्रण ओढलं की पाती उघडतात आणि उलटा दाब आला की मिटतात. पाती वाकली किंवा त्यांची कड तुटली की मिश्रण मागे फिरतं, गाडी कमी आरपीएमला अडखळते आणि स्टार्टिंगचा त्रास सुरू होतो.

तपासणं सोपं आहे. रीड ब्लॉक काढून उजेडासमोर धरा. पात्यांच्या कडेने ठळक फट दिसली तर बदलायची वेळ झाली. स्टीलच्या जागी फायबरची पाती बसवली तर ती हलकी असल्यामुळे पटकन उघडतात आणि पिकअप सुधारतो. शिवाय स्टीलचा तुकडा तुटून आत गेला तर जेवढं नुकसान होतं, तेवढं फायबरच्या तुकड्याने होत नाही.

आता येतो सायलेन्सर

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचं काम फक्त आवाज कमी करणं नाही. जळालेला वायू बाहेर जाताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्यासोबत निसटतं. मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळत्या असलेल्या पाइपमध्ये दाबाची लाट निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि हे निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. यालाच एक्सपान्शन चेंबर म्हणतात.

या तंत्रात सगळ्यात मोठी मजल मारली ती पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतले इंजिनिअर वाल्टर काडेन यांनी, १९५० च्या दशकात. १९६१ ला त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या रेसच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. एका पाइपच्या ज्ञानाची किंमत काय असू शकते, ते यावरून कळतं.

मुद्दा असा की, ती लाट ठरावीक आरपीएमलाच योग्य वेळी पोचते. ते आरपीएम ठरतं पाइपच्या लांबीवर आणि आकारावर. छोटा, रेससाठी केलेला पाइप वरच्या आरपीएमला जोर देतो आणि खालची ओढ घालवतो. बॅफल काढून टाकलेला किंवा सरळ पोकळ पाइप तर बऱ्याचदा फक्त आवाज वाढवतो. ट्रेलसाठी बहुतेकांना साफ केलेला ओरिजिनल सायलेन्सरच पुरतो. बदलायचाच असेल तर कमी आणि मधल्या आरपीएमसाठी बनवलेला घ्या.

जेटिंग: इथेच इंजिनं जातात

सायलेन्सर किंवा फिल्टर मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढतं. पेट्रोल मात्र तेवढंच राहतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं, पिस्टन फुगतो आणि जाम होतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलच्या वाटेनेच आत जातं, त्यामुळे मिक्स पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी होतं.

पेट्रोल संपत आलं की गाडीची रेस क्षणभर आपोआप वाढते, हे तुम्ही अनुभवलं असेल. ते पातळ मिश्रणच असतं. टाकी भरलेली असताना असं होत असेल तर गाडी थांबवा.

कार्बोरेटरचं गणित असं आहे. बंद ते पाव एक्सलरेटरपर्यंत मुख्यतः पायलट जेट, पाव ते पाऊणपर्यंत नीडल आणि त्यापुढे मेन जेट. कोणत्या भागात अडचण येते त्यावरून काय बदलायचं ते ठरतं. बदलल्यावर प्लग बघा. कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त. शंका असेल तर मोठ्या जेटपासून सुरुवात करून हळूहळू खाली या.

डीटी-१ चं किट एकत्र का होतं, ते इथे कळतं. पाइप बदलला की जेट बदलावं लागतं, मोठा कार्बोरेटर घेतला की रीड आणि पोर्टही जुळावे लागतात.

आणखी एक गोष्ट. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तसं केलं असेल तर लांब उतारावर एक्सलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिन ब्रेकिंग करू नका. पेट्रोल जवळपास बंद म्हणजे ऑइलही जवळपास बंद. अधूनमधून क्लच दाबून एक्सलरेटर द्या. इंजिन आवळल्यासारखं वाटलं तर लगेच क्लच दाबा, चाक मोकळं राहील.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते. रेससाठीचा सायलेन्सर तिथे नडतो.

थोडक्यात

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी सील, रिंग, फिल्टर आणि कार्बन, मग टायर आणि स्प्रॉकेट, मग रीड. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. पाइप त्यानंतर, तोही जेटिंगचं बजेट धरूनच. पोर्टिंग आणि मोठा कार्बोरेटर सगळ्यात शेवटी, कारण घासून काढलेलं पोर्ट परत भरता येत नाही आणि तसा ब्लॉक आता कंपनीतून बाहेर पडत नाही.